जिंतूरच्या चुलीवर कोलाक

मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात खोबऱ्याशिवाय पान हलत नाही, पण नारळाचं दूध तिथे क्वचितच दिसतं. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरच्या घराघरांत काळ्या मसाल्यासाठी सुकं खोबरं भाजलं जातं, वांग्याच्या रश्शाला ते वाटून लावलं जातं. देवळात फोडलेल्या नारळाचा प्रसाद वाटला जातो आणि उरलेल्या वाटीची फार तर चटणी नाहीतर बर्फी होते. ओला नारळ खवायचा, कोमट पाण्यात पिळून त्याचं दाट दूध काढायचं आणि त्यात गोडाचा पदार्थ शिजवायचा, ही रीत सह्याद्रीच्या पलीकडची. त्याला कारण आहे. या जिल्ह्यात नारळाच्या बागा नाहीत. नारळ दक्षिणेकडून पोत्यांत भरून येतो. लांबच्या वाटेने आलेला जिन्नस टिकायला हवा, म्हणून घाटावरच्या बायकांनी सुक्या खोबऱ्याला जवळ केलं आणि त्याच्यावर एक अख्खी पाककला उभी केली. ओल्या नारळाचं दूध मात्र राहूनच गेलं.

ते हाताळायला शिकायचं असेल, तर इंडोनेशियातला कोलाक हा पदार्थ फार चांगला गुरू आहे. केळी, नारळाचं दूध, गूळ, चिमूटभर मीठ आणि एक सुगंधी पान, एवढाच त्याचा पसारा. यातलं जवळजवळ सगळं जिंतूरच्या बाजारात मिळतं.

कोलाक मुख्यतः जावा बेटावरचा, पण आता सगळ्या इंडोनेशियाचा. पिकलेल्या पण घट्ट केळ्यांचे जाड काप गुळाच्या पाण्यात शिजवायचे, त्यात नारळाचं दूध घालायचं आणि वाटीत पातळसर, गरम किंवा गार वाढायचं. केळ्यांच्या जोडीला रताळं, लाल भोपळा, कसावाचा कंद किंवा फणसाचे गरे घालतात. रमजानच्या महिन्यात दिवसभराचा उपास सोडताना तिथले लोक आधी काहीतरी गोड खातात, आणि त्या गोडात कोलाकचा मान मोठा. संध्याकाळी चारपासून रस्त्याच्या कडेला टेबलं लागतात आणि प्लास्टिकच्या पेल्यांत भरलेला कोलाक मगरिबच्या अजानीपर्यंत विकला जातो. पूर्व जावातल्या ग्रेसिक जिल्ह्यात गुमेनो नावाचं गाव आहे. तिथे रमजानच्या तेविसाव्या रात्री चक्क कोंबडीचा कोलाक शिजतो. त्यात नारळाचं दूध आणि गूळ असतोच, शिवाय जिरं आणि कांद्याची पातही पडते. तो पुरुषांनीच रांधायचा, अशी प्रथा आहे. गोड आणि तिखट यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधतो, ती सगळीकडे त्याच जागी नसते.

जिंतूरपासून जावा फार लांब आहे, पण वेंगुर्ले, मालवण, कारवार तेवढे लांब नाहीत. कोलाकची भावंडं आपल्याच किनाऱ्यावर आहेत. सिंधुदुर्गात तांदळाच्या उकडीच्या शेवया सोऱ्याने पाडून गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवतात, ते रस-शिरवाळे. तांदूळ, उडीद आणि पोहे आंबवून केलेली जाळीदार खापरोळी त्याच रसात भिजवून खातात. गौरी-गणपतीत घावनाबरोबर जे घाटलं होतं, त्यातही नारळाचा रस आणि गूळच असतो, दाटपणाला फक्त तांदळाचं पीठ लावलेलं. गोव्याचं मणगणं म्हणजे चण्याची डाळ आणि साबुदाणा नारळाच्या रसात. कारवारपासून मंगळुरूपर्यंतच्या पट्ट्यात तर केळ्याचं ‘रसायन’ करतात. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या, नारळाचं दूध, गूळ आणि वेलदोडा एकत्र कालवले की झालं. चुलीचा संबंधच नाही. रसायन म्हणजे न शिजवलेला कोलाक, असं म्हणायला काहीच हरकत नाही.

उलट बाजूने पाहिलं तरी हेच दिसतं. खापरोळीसारखीच जावाची सेराबी आहे, मातीच्या तव्यावर भाजलेली आणि गूळ-नारळाच्या पातळ रसात बुडवलेली. शिरवाळ्यांच्या जवळ जाणारा चेंदोल आहे. त्यातल्या हिरव्या, आखूड शेवया थंडगार नारळाच्या दुधात आणि पाकात पोहतात. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ तासन्‌तास आटवून केलेला दोदोल तर गोव्यातही होतो आणि पश्चिम जावातल्या गारुतमध्येही, त्याच नावाने. कोणी कोणाकडून काय घेतलं याचा प्रत्येक वेळी माग लावता येत नाही, आणि लावायची गरजही नसते. जिथे तांदूळ, नारळ आणि माडाचा गूळ एकाच परसात असतात, तिथे हातांना सारख्याच गोष्टी सुचतात.

या पदार्थातले मुख्य जिन्नस मात्र खरोखर मोठे प्रवास करून आले आहेत. केळं मुळात न्यू गिनी आणि आग्नेय आशियाच्या बेटांवरचं. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या कुक या दलदलीच्या जागी सुमारे 7000 वर्षांपूर्वी केळ्याची लागवड होत असल्याचे पुरावे उत्खननात मिळाले आहेत. उसाचं मूळही त्याच बेटाकडे जातं. नारळाबद्दल 2011 मध्ये बी गन, ल्यूक बोदुआँ आणि केनेथ ओल्सन यांनी जगभरच्या झाडांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने नारळ दोन वेगवेगळ्या जागी माणसाळवला, एकदा प्रशांत महासागराच्या काठी आणि एकदा हिंदी महासागराच्या काठी, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे जावाचा नारळ आणि कोकणातला नारळ ही दोन जुन्या घराण्यांची झाडं. रताळं आलं दक्षिण अमेरिकेतून. आणि ज्या साबुदाण्याशिवाय आपली एकादशी होत नाही, तो मूळचा इंडोनेशियातल्या सागू माडाच्या गाभ्यातला. आज आपण खातो तो तमिळनाडूतल्या सेलमकडे कसावाच्या कंदापासून बनतो, आणि कसावाही दक्षिण अमेरिकेचाच. उपासाचं ताट हा असा जगाचा नकाशा आहे.

आता केळ्याकडे वळायला हवं, कारण कोलाक बहुतेक वेळा तिथेच बिघडतो. जावात त्यासाठी केपोक किंवा राजा या जातीची केळी घेतात. ती शिजवली तरी आकार सोडत नाहीत. आपल्याकडे बाजारात बहुतेक ठिकाणी ग्रँड नैन मिळतं. ते खायला छान, पण पूर्ण पिकलेलं शिजवलं की त्याचा लगदा होतो. हिरव्या केळ्याच्या गरात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. केळं पिकता पिकता त्याची साखर होते आणि शेवटी स्टार्च एक-दोन टक्केच उरतो. त्याच वेळी पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिनही विरघळत जातं. म्हणून कोलाकसाठी केळं असं निवडावं, की ज्याची साल पिवळी झाली आहे पण देठाशी अजून हिरवी झाक आहे आणि एकही काळा ठिपका पडलेला नाही. वसई किंवा सिंधुदुर्गातलं राजेळी केळं मिळालं तर त्याहून उत्तम. सुकेळी ज्या केळ्याची करतात ते हे केळं शिजल्यावरही ताठ राहतं आणि त्याच्या अंगी किंचित आंबटपणा असतो.

मराठवाड्याला केळ्यासाठी लांब जायची गरज नाही. नांदेड जिल्ह्यातलं अर्धापूर आणि हिंगोलीतलं वसमत ही केळ्याची जुनी गावं. ‘अर्धापुरी’ हे वाणाचंच नाव होतं, आता त्या भागातही ऊतिसंवर्धित रोपांचं ग्रँड नैनच जास्त लागतं. यात जिंतूरचाही वाटा आहे. पूर्णा नदीचं पाणी जिंतूर तालुक्यातल्या येलदरीच्या धरणात अडतं, तिथून खालच्या सिद्धेश्वर धरणात उतरतं आणि कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतांत पोचतं. कोरडवाहू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात केळी, ऊस आणि हळद उभी राहिली ती अशा पाण्यावर. कोलाकचे तीन जिन्नस या एका ओळीत आले.

हळदीचं कारण पुढे येईल. आधी नारळाचं दूध.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे असंख्य बारीक थेंब. खोबऱ्यातली प्रथिनं प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण धरतात, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि दूध पांढरं, एकजीव दिसतं. तापमान साधारण 80 अंशांच्या पुढे गेलं की ही प्रथिनं गोठू लागतात, आवरणं तुटतात, थेंब एकत्र येतात आणि वर तेलाचा तवंग धरतो. खाली पाणचट रस आणि बारीक चोथा राहतो. यालाच दूध फुटणं म्हणतात. असा कोलाक खाल्ल्याने काही होत नाही, पण तोंडात तेलकट लागतो आणि त्याची सगळी मृदुता जाते. गाईच्या उकळत्या दुधात गूळ टाकला की ते नासतं, हे प्रत्येक मराठी गृहिणीला माहीत असतं, म्हणून गुळाची खीर ती खाली उतरवल्यावर गोड करते. नारळाच्या दुधाला गुळाची तेवढी भीती नाही. त्याला भीती आहे खदखदत्या उकळीची.

किनाऱ्यावरच्या बायकांनी यावर उपाय फार पूर्वीच काढला आहे: दूध दोनदा काढायचं आणि दोन वेगळ्या वेळी घालायचं. पहिला पिळा तो दाट रस, त्यात तेल जास्त. दुसरा पिळा पातळ, त्यात शिजवायला हरकत नाही. इंडोनेशियातही हेच. अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय निकषांनी 2003 मध्ये नारळाच्या दुधाची व्याख्या केली, तेव्हा साध्या दुधात किमान 10 टक्के आणि नारळाच्या सायीत किमान 20 टक्के स्निग्धांश असावा असं ठरवलं. पण दाट आणि पातळ हा भेद घराघरांत त्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जातो.

नारळ जुना, पक्का घ्यावा. हातात जड लागला पाहिजे, हलवला की आत पाणी वाजलं पाहिजे आणि डोळे कोरडे असले पाहिजेत. देवाला वाहतात तोच नारळ चालतो. शहाळ्यात मात्र तेल फारसं नसतं, त्यामुळे त्याचं दूध निघत नाही. पक्क्या ओल्या खोबऱ्यात वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेल असतं. खोबरेल तेल 24-25 अंशांच्या खाली थिजतं, म्हणून पाणी कोमट हवं. जिंतूरला डिसेंबरात थंडी कडक पडते, तेव्हा गार पाण्यात खोबरं कितीही पिळलं तरी तेल चोथ्यातच बसून राहतं. उन्हाळ्याचा त्रास वेगळा. 42 अंशांच्या दुपारी काढलेलं दूध संध्याकाळपर्यंत आंबतं, तेव्हा ते करायच्या वेळीच काढावं.

सहा माणसांसाठी एक मोठा नारळ, सहा केळी, दीडशे ग्रॅम गूळ, एक मध्यम रताळं आणि पाव चमचा मीठ पुरतं.

नारळ खवून घ्यावा. घरात खवणी नसेल, आणि मराठवाड्यात ती बहुतेक घरांत नसते, तर विळीने पातळ काप करून मिक्सरला लावावेत. एक वाटी कोमट पाणी घालून वाटावं आणि स्वच्छ सुती कापडातून घट्ट पिळावं. हा दाट रस बाजूला झाकून ठेवावा. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा वाटून पिळावं, तो पातळ रस. चोथा टाकू नये. तव्यावर कोरडा परतून शेंगदाण्याच्या चटणीत घातला तर छान लागतो.

गूळ वाटीभर पाण्यात गरम करून विरघळवावा आणि गाळून घ्यावा. गुळाच्या निवडीवर रंग आणि चव दोन्ही अवलंबून असतात. जावात अरेन माडाची नीरा आटवून, बांबूच्या नळीत किंवा करवंटीत ओतून गुळाच्या ढेपी पाडतात. तो गूळ काळसर असतो आणि त्याला धुराचा, थोडा जळकट साखरेचा वास असतो. त्याच्या सर्वांत जवळचा जिन्नस म्हणजे गोव्यातला माडाचा गूळ. तो मिळाला नाही तर उसाचाच घ्यावा, पण गडद तपकिरी. पिवळाधमक गूळ बहुधा रसायनाने उजळवलेला असतो, त्यात गोडीशिवाय काही उरत नाही. गडद गुळाने कोलाकला जो रंग येतो, तो बदामी चहासारखा असला पाहिजे.

राहिलं सुगंधी पान. जावात पांडानचं लांब, हिरवं पान गाठ मारून भांड्यात टाकतात. हे आपल्या केवड्याच्याच कुळातलं झुडूप आहे. त्याच्या पानाचा वास बासमतीच्या वाफेसारखा येतो, आणि तो योगायोग नाही. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 च्या सुमारास दाखवून दिलं, की शिजलेल्या सुवासिक तांदळाचा आणि पांडानच्या पानाचा गंध एकाच रेणूमुळे येतो. जिंतूरमध्ये पांडान मिळत नाही. त्याच्या जागी सरसकट वेलदोडा घालायचा मोह होतो, पण वेलदोड्याने कोलाकची खीर होते. इथे मराठवाड्याकडे स्वतःचं उत्तर आहे: हळदीचं पान. कोकणात नागपंचमीला आणि गौरीला पातोळ्या याच पानात उकडतात. सुमात्रातल्या रंदांगमध्येही तेच पान पडतं, म्हणजे इंडोनेशियाच्या हातालाही ते परकं नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सारं कौतुक कंदाचं झालं, पानाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. नारळाचं दूध आणि गूळ यांच्यात हळदीच्या पानाचा गंध जसा मुरतो, तसा दुसऱ्या कशाचाच मुरत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात पातळ रस, गुळाचं पाणी, मीठ आणि मोडून गाठ मारलेलं एक हळदीचं पान एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावं. मीठ विसरू नये. त्याने पदार्थ खारट होत नाही, पण गुळाची सपक गोडी उठून दिसते. उकळी आली की रताळ्याच्या बोटभर जाडीच्या फोडी घालाव्यात. आठ-दहा मिनिटांनी त्यात सुरी सहज शिरू लागली की केळ्याचे तिरके, जाड काप सोडावेत. केळ्याला चार-पाच मिनिटं पुरतात. आता आच अगदी मंद करावी आणि दाट रस घालावा. यापुढे पातेल्यापासून हलायचं नाही. जावातल्या बायका इथे ढवळत बसत नाहीत; पळीभर रस वर उचलतात आणि पुन्हा हळूच ओततात, पुन्हा उचलतात, पुन्हा ओततात. त्याने फोडी मोडत नाहीत, रस सगळीकडे सारखा तापतो आणि कुठेच खदखदत नाही. कडेला पहिले बारीक बुडबुडे दिसले की पातेलं उतरवावं. पान काढून टाकावं आणि दहा मिनिटं तसंच राहू द्यावं. फोडी तेवढ्या वेळात गोडी ओढून घेतात.

लाल भोपळा घालायचा असेल तर आणखी एक युक्ती आहे. इंडोनेशियात भोपळ्याच्या फोडी शिजवण्याआधी खायच्या चुन्याच्या निवळीत भिजवतात. आपल्याकडे कोहळ्याचा पेठा करताना हेच करतात. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट बांधतं आणि फोड बाहेरून कडक, आतून मऊ राहते. निवळी म्हणजे वरचं स्वच्छ पाणीच घ्यायचं, खालचा गाळ नाही. आणि भिजवल्यावर फोडी तीन-चार पाण्यांनी धुवायच्या.

कोलाकचे जिन्नस उपासाला चालतात, ही गोष्ट मराठी घरासाठी लाखमोलाची आहे. केळं, रताळं, नारळ, गूळ, सगळंच. महाशिवरात्रीला औंढा नागनाथची मोठी यात्रा जिंतूरच्या शेजारीच भरते आणि त्या दिवसांत रताळ्यांचे ढीग गावोगाव लागतात. 2026 मध्ये महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला आली आणि रमजानही त्याच आठवड्यात सुरू झाला. जिंतूरसारख्या मिश्र वस्तीच्या गावात एकाच बाजारातून शिवरात्रीचं रताळं आणि इफ्तारची केळी घरी गेली. दोन्ही उपास सोडायला एकच पातेलं चालावं, असा दुसरा पदार्थ सहजी सापडणार नाही.

मधुमेह असलेल्यांनी मात्र गुळाच्या नावावर जाऊ नये. गूळ रक्तात गेल्यावर साखरच होते, आणि केळं-रताळ्याची भर वेगळी. नारळाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि बहुतेक स्निग्धांश संपृक्त प्रकारचा. एक वाटी खावी, रोज खाऊ नये.

उरलेला कोलाक फ्रीजमध्ये ठेवला की वर पांढरा थर धरतो. ते थिजलेलं खोबरेल आहे, खराबी नव्हे. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर कोमट केला की तो पुन्हा मिसळतो. त्यापुढे ठेवू नये.

हळदीची लागवड मे-जूनमध्ये होते आणि पानं हिरवीगार असतात ती श्रावणापासून दिवाळीपर्यंत. नंतर ती पिवळी पडून वाळतात. तेव्हा ती हिरवी असतानाच ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार पानं मागून आणावीत. एका झाडाचं एकच पान तोडावं आणि तेही खालचं. वरच्या कोवळ्या पानांवरच कंदाची वाढ असते.